मेंढीचे दुसरे कोकरू

भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झाली, की आमच्या उल्हासनगरच्या पूर्वेस आणि उत्तरेस, मुरबाड, कल्याण, भिवंडी या बाजूंच्या शिवारांत, मेंढ्यांचे कळप उतरू लागतात. घाटावरील धनगर आपले बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर लादून, लेकराबाळांसह, दिवसेंदिवस पायी चालत कोकणपट्टीत येतात. येथील शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या खाचरांत बसवून घेतो. लेंड्यांचे व मूत्राचे उत्तम खत शेतास मिळते. धनगरास त्याचा मोबदला धान्याच्या अथवा पैशाच्या रूपाने मिळतो. पावसाळा जवळ आला म्हणजे ही मंडळी पुन्हा घाट चढून देशावर जातात.

आमच्या कॅम्प ४ मधील विद्यार्थ्यांस हा देखावा क्वचितच पाहावयास मिळतो. आमचे नगर मुळी छावणीतून वाढलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी येथे सैन्याचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली वस्तीस उल्हासनगर हे नाव प्राप्त झाले. पुढे सातारा, सोलापूर, नगर अशा कोरडवाहू जिल्ह्यांतूनही पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे येऊन राहिली. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोळ अद्याप घाटावरच आहे. ही कुटुंबे गाव सोडून का आली, असे घरी विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते: शेतीत भागेना. यंदाच्या अंकात आम्ही ज्या कार्याचा परिचय करून देणार आहोत, ते याच उत्तरापासून सुरू होते.

सातारा जिल्ह्यात फलटण हे जुने संस्थानी गाव आहे. नीरेच्या कालव्याचे पाणी जेथे पोचते तेथे ऊस डोलतो; जेथे पोचत नाही तेथे ज्वारी, बाजरी आणि मेंढरे एवढाच आधार. या गावी श्री. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'नारी' असे म्हणतात. श्री. निंबकर यांच्या मातोश्री कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या. अपंगांस हाताच्या उद्योगांतून बरे करण्याची जी विद्या आहे, तिची भारतातील पहिली शाळा त्यांनी मुंबईस १९५० साली काढली. चिरंजीवांनी शेतीचा मार्ग धरला. भारत सरकारने २००६ साली त्यांस 'पद्मश्री' देऊन गौरविले. २०२१ साली ते निवर्तले. संस्थेचे कार्य मात्र चालू आहे.

या संस्थेच्या कामाची रीत ध्यानात यावी म्हणून आम्ही प्रथम एक साधा हिशेब मांडतो. समजा, एका धनगरापाशी चाळीस मेंढ्या आहेत. आमच्या देशावरील दख्खनी मेंढी काटक असते. उन्हातान्हात मैलोगणती चालते, वाळल्या गवतावर गुजराण करते. परंतु एका वेतास ती बहुधा एकच कोकरू देते. म्हणजे चाळीस मेंढ्यांची चाळीस कोकरे. त्यांतील काही रोगाने जातात, काही लांडग्याच्या तोंडी पडतात, उरलेली विकून वर्षाचा संसार चालतो. पूर्वी लोकरीस भाव असे, घोंगड्या खपत. आता जाड्याभरड्या लोकरीस गिऱ्हाईक राहिले नाही. मिळकत ती कोकरांचीच. आता त्या चाळीस मेंढ्यांपैकी वीस मेंढ्यांनी जर जुळी दिली, तर कोकरे साठ होतील. चरावयाचे रान तेवढेच, राखणारा गडी तोच, कळपातील मेंढ्याही तितक्याच. मग हे दुसरे कोकरू आणावयाचे कोठून?

उत्तर मिळाले ते फलटणापासून फार दूर, बंगालच्या सुंदरबनात. गंगेच्या मुखाशी, खाऱ्या दलदलीत, गरोल नावाची एक ठेंगणी मेंढी असते. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. अंगाने इतकी लहान, की दख्खनी मेंढीशेजारी ती कोकरासारखी दिसावी. पण एका वेतास दोन पिले देणे ही तिची नित्याची गोष्ट, आणि कधी कधी तीनही होतात. या लहानग्या मेंढीची कीर्ती सातासमुद्रापार गेली होती, आणि ते कोणास ठाऊकही नव्हते! १७९२ व १७९३ या साली कलकत्त्याहून जहाजांतून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियातील नव्या वसाहतीत नेण्यात आल्या. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी तेथील बूरूला नावाच्या मळ्यातील मेरिनो मेंढ्या आश्चर्यकारक प्रमाणात जुळी व तिळी देतात, असे शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. त्यांनी शोध केला तेव्हा सर्व करामत एकाच जनुकाची आहे असे ठरले, व त्यास त्यांनी 'फेक-बी' असे नाव दिले. हा बदल नेमका कोणत्या जनुकात झाला आहे ते २००१ साली उमगले. आणि गरोल मेंढीचे रक्त तपासता तिच्यातही तोच बदल आढळला. बंगालची ठेव अशा रीतीने बंगालच्या पदरी परत जमा झाली.

जनुक म्हणजे काय, हे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. पालकांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात त्याच्या घडणीच्या सूचना सूक्ष्म रूपाने लिहिलेल्या असतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. आपल्या अपत्यास देताना आईबाप प्रत्येकी आपल्या दोन प्रतींपैकी कोणती तरी एकच देतात. हा नियम ग्रेगोर मेंडेल या मठवासी पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाणे लावून, त्यांची रोपे व दाणे धीराने मोजून शोधून काढला, व १८६६ साली प्रसिद्ध केला. वाटाण्यास जो नियम, तोच मेंढीस. सामान्य मेंढीच्या अंडाशयात एका वेळी बहुधा एकच अंडे परिपक्व होते. 'फेक-बी'ची प्रत जिच्यापाशी असेल तिच्यात एकाहून अधिक परिपक्व होतात, आणि म्हणून जुळी संभवतात.

कोणी म्हणेल, मग गरोल मेंढ्याच आणून धनगरास का देऊ नयेत? कारण दलदलीत वाढलेल्या त्या बुटक्या मेंढीस माणदेशी माळावर रोजची पायपीट सोसणार नाही, आणि तिचे कोकरू इतके हलके की बाजारात त्यास भाव येणार नाही. हवी होती ती अंगाने दख्खनी, गुणाने गरोल, अशी मेंढी. फलटणच्या संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाच्या व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने हे काम हाती घेतले.

त्याची कृती अशी. गरोल मेंढा व दख्खनी मेंढी यांचा संकर केला म्हणजे कोकरात निम्मा अंश गरोलचा येतो. त्या कोकराचा पुन्हा दख्खनीशी संकर केला, की गरोलचा अंश एक चतुर्थांश राहतो. आणखी एकदा केला, की एक अष्टमांश. याप्रमाणे पिढीगणिक ठेंगणेपण ओसरत जाते. परंतु ज्या एका प्रतीसाठी हा सारा खटाटोप, तीही हरवण्याचे भय असते. कारण एक प्रत बाळगणाऱ्या मेंढीची निम्मीच कोकरे ती घेऊन जन्मतात. ती कोणती, हे डोळ्यांनी कळत नाही. मादी असेल तर ती विण्याची वाट पाहावी लागे. नर असेल तर आणखीच अडचण, कारण मेंढा काही स्वतः वीत नाही! त्याच्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत थांबावयाचे म्हणजे वर्षानुवर्षांचा खोळंबा. 'फेक-बी'ची नेमकी ओळख पटल्यावर ही अडचण दूर झाली. कोकराच्या रक्ताचा थोडासा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासला, की कोणापाशी प्रत आहे, कोणापाशी नाही, हे लहानपणीच समजू लागले.

शेवटची पायरी गणिताची आहे. एकेक प्रत बाळगणाऱ्या मेंढा व मेंढीचा संयोग केला, तर सरासरीने चार कोकरांत एकास दोन्ही प्रती मिळतात, दोघांस एकेक आणि एकास एकही नाही. ज्या मेंढ्यास दोन्ही प्रती मिळाल्या, त्याच्या हरएक संततीस एक प्रत मिळणारच. असा एक मेंढा धनगराच्या कळपात सोडला, की त्यापासून झालेली प्रत्येक माजी, म्हणजे मादी कोकरू, पुढे जुळी देण्याचा गुण घेऊन वाढते. धनगरास ना जनुक समजावून घ्यावे लागते, ना प्रयोगशाळा. त्यास चांगला मेंढा पारखता येतो, तेवढे पुरेसे आहे. फलटणला तयार झालेल्या या वाणास 'नारी सुवर्णा' असे नाव आहे.

येथे आम्ही वाचकांस एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरे कोकरू जन्मास येणे निराळे आणि जगणे निराळे. दोन कोकरांस पुरेल इतके दूध मेंढीस यावे लागते, आणि त्यासाठी विण्यापूर्वी व व्याल्यानंतर तिला चाराही जरा अधिक द्यावा लागतो. जुळी कोकरे जन्मतः हलकी असतात; त्यांस थंडीवाऱ्यापासून जपावे लागते. ज्याच्या घरी पेंडीचा एक घास देण्याचीही ऐपत नाही, त्यास जुळे हे वरदान न वाटता ओझे वाटेल. हे जाणूनच संस्थेने आपली परीक्षा स्वतःच्या गोठ्यापुरती न ठेवता भोवतालच्या धनगरांच्या कळपांतही केली, तेथील वेतांची व मरतुकीची नोंद ठेवली, आणि दुधाच्या गुणासाठी इस्राएलमधील अवासी मेंढीचाही अंश घेतला. जो प्रयोग उपाशी माळावर टिकत नाही, तो प्रयोगशाळेत कितीही शोभला तरी खेड्याच्या काय कामाचा?

मेंढीविषयी जी दृष्टी, तीच पिकांविषयी. करडई हे आमच्या देशावरील रब्बीचे जुने पीक. तिचे मूळ खोल जाते व जमिनीतील ओल शोषून घेते. म्हणून पाऊस कमी झाला तरी ती तगते. पण तिच्या पानांस काटे! काढणीच्या वेळी हात सोलून निघतात. म्हणून शेतकरी पहाटे, दंवाने काटे मऊ झालेले असताना, हातापायांस फडकी गुंडाळून करडई काढतो. फलटणच्या संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केली. 'नारी ६' हा वाण त्यांपैकी होय. तिची फुले हातांनी सहज खुडता येतात, आणि वाळविलेल्या पाकळ्यांस औषधी चहासाठी मागणी असते. तथापि काट्यांचाही एक उपयोग होता, हे विसरता कामा नये. ज्वारीच्या शेताभोवती करडईच्या ओळी लावल्या, की भटकी गुरे आत शिरत नसत. ते फुकटचे कुंपण होते. बिनकाट्याचे पीक घेणाऱ्याने राखण अधिक करावी हे ओघाने आलेच. शास्त्र एक गाठ सोडविते तेव्हा दुसरी बसते काय, हेही पाहणे त्याचे कर्तव्य आहे.

तिसरे उदाहरण जोंधळ्याचे. ज्याच्या ताटास उसासारखी गोडी असते, असा जोंधळा संस्थेने निपजविला व त्यास 'मधुरा' हे नाव दिले. वरच्या कणसाचे दाणे भाकरीस, ताटाचा रस काकवीस किंवा मद्यार्कास, आणि राहिलेला पाला व चिपाडे गुरांस, असा त्याचा तिहेरी उपयोग. ऊस शेतात वर्षभर अथवा अधिक काळ उभा राहतो व पाणी अपरंपार पितो. हा जोंधळा सुमारे चार महिन्यांत तयार होतो व त्यास पाणी पुष्कळ कमी लागते. पाण्यासाठी ज्या गावांत भाऊ भाऊ भांडतात, तेथे या फरकाची किंमत किती, हे सांगणे नको.

रसापासून मद्यार्क, आणि मद्यार्कापासून चूल व दिवा, असा पुढचा विचार डॉ. अनिल राजवंशी यांनी केला. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन ते १९८१ साली फलटणास आले व तेथेच राहिले. २०२२ साली त्यांसही 'पद्मश्री' मिळाली. खेड्यातील माउली धुराने डोळे चोळीत चूल फुंकते आणि मुले मिणमिणत्या कंदिलाशी अभ्यास करतात, हा त्यांच्या संशोधनाचा आरंभबिंदू. निम्मे पाणी मिसळलेल्या मद्यार्कावरही चालेल अशी चूल, कमी तेलात अधिक उजेड देणारा 'नूरी' कंदील, आणि एकाच ज्योतीवर प्रकाश देऊन वर अन्नही शिजविणारा दिवा, असे प्रयोग त्यांच्या हातून झाले. उसाचे पाचट शेतात जाळून टाकण्याची चाल सर्वत्र आहे. ते पाचट व चिपाडे बंद भट्टीत, हवा मोजकी देऊन, तापविली असता ज्वलनशील वायू निघतो. महायुद्धाच्या काळी पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशापासून निघणाऱ्या अशाच वायूवर मोटारी चालवीत. त्याच तत्त्वावर पाचटाची भट्टी फलटणास उभी राहिली.

१९९० नंतरच्या दशकात सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या हालांकडेही या संस्थेचे लक्ष गेले. तिने सायकलरिक्षा हलकी व दाते बदलता येण्याजोगी केली, आणि विजेच्या घटावर चालणारी रिक्षाही बनविली. आमच्या बदलापूरच्या पुढे नेरळ, आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान. त्या डोंगरावर माणसाने माणसास ओढून नेण्याची हातरिक्षा कित्येक वर्षे चालत आली. तेथे २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. त्या रिक्षा फलटणच्या नव्हेत. परंतु गरिबाच्या श्रमाचा भार यंत्राने उचलावा, हा विचार तेथील लोकांनी आधीच मनाशी धरला होता.

या सर्व प्रयत्नांस सारखेच यश आले काय? आले नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मद्यार्क हे इंधन असले तरी प्यालाही जातो. म्हणून त्यावर सरकारी निर्बंध कडक, आणि त्यामुळे मद्यार्काची चूल घरोघर गेली नाही. पुढे स्वयंपाकाचा वायू व वीज खेड्यापाड्यांत पोचली आणि रॉकेलच्या दिव्याची गरजच ओसरली. शहरांतून विजेच्या रिक्षा आल्या, पण त्या बहुतांशी परदेशातून आणलेल्या भागांच्या. साखरेच्या मुलखात गोड जोंधळ्याने उसास हटविले नाही. मग हे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. एक दाणा उगवावा म्हणून शेतकरी मूठभर पेरतो. संशोधकाचेही तसेच आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणीच शोधले नव्हते तो प्रश्न निदान नीट मांडला गेला, आणि पुढच्या माणसास वाट कोठवर आली आहे हे समजले.

या साऱ्या हकिकतीत आम्हांस मोलाचे वाटते ते एवढेच. येथे कोणी आकाशातून नवी वस्तू आणली नाही. काटेरी करडई, जोंधळ्याचे ताट, जाळून टाकण्याचे पाचट, दलदलीतील बुटकी मेंढी, ही सर्व जुनीच धने होत. लोक त्यांजजवळून रोज जात होते. कोणी तरी थांबून पाहिले, मोजले, लिहून ठेवले, आणि फळ दिसेपर्यंत वीस वीस वर्षे धीर धरला. मेंडेलने वाटाणे मोजले त्याहून ही रीत निराळी नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. मे महिन्याच्या सुटीत आपण आजोळी जाल, तेव्हा एक वही बरोबर न्यावी. आजोबांस, मामांस, शेजारच्या धनगरास विचारावे: यंदा किती मेंढ्या व्याल्या? किती कोकरे झाली? किती जगली? जी गेली ती कशाने? विहिरीस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरले? उत्तरे तारखेसह लिहावी, आणि पुढील वर्षी त्याच माणसांस तेच प्रश्न पुन्हा विचारावे. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवताच वहीतून एखादा नवा प्रश्न आपोआप डोके वर काढील. पालकांसही आम्ही विनवितो, की मुलांच्या या विचारण्यास त्यांनी रिकामा उद्योग समजू नये. ज्या माळावर भागेना म्हणून आपण येथे आलो, त्या माळाकडे मुलाने पुन्हा एकदा, पण निराळ्या डोळ्यांनी, पाहिले तर त्यात आपले काहीच जाणार नाही. घाट उतरून येणाऱ्या कळपात एखाद्या मेंढीमागे दोन कोकरे धावताना दिसली, तर ती कोणाच्या धीराची कमाई असू शकेल, एवढे तरी त्यास उमजेल.